डोकं एकाचं, दांडी दुसऱ्याची

जानेवारी 2024 मधला एक सोमवार. बाहेर उणे वीस, आत आम्ही चौघं, हातात कात्री, तपकिरी कागदाचं भेंडोळं आणि चिकटपट्टी. दुसऱ्या दालनातली सहा काचेची कपाटं झाकायची होती. दुपारपर्यंत पाच झाली. सहाव्यापाशी मी जरा रेंगाळले, कारण त्यात माझी आवडती वस्तू होती. ती आवडती का होती हे सांगायला आता लाज वाटते: तिच्याखालची पाटी फार छान होती.

‘डाकोटा लोकांची विधीची चिलीम. मँकेटो येथे 26 डिसेंबर 1862 रोजी फाशी गेलेल्या योद्ध्याकडून.’

एवढंच. शाळेच्या सहली आल्या की ही पाटी मीच वाचून दाखवायचे आणि मग 1862 मध्ये मिनेसोटात उठाव करणाऱ्या डाकोटा या आदिवासी समाजातल्या अडतीस माणसांना एकाच वेळी, एकाच मचाणावर फाशी दिल्याची गोष्ट सांगायचे. अमेरिकेच्या इतिहासात एका दिवसात इतक्या लोकांना सरकारी फाशी त्याआधी कधी झाली नाही आणि नंतरही नाही. लष्करी कमिशनने तीनशे तीन जणांना मृत्युदंड सुनावला होता, लिंकनने कागद मागवून घेऊन बहुतेकांची नावं खोडली. मुलं गप्प व्हायची. मग मी बोट दाखवायचे: ही बघा, त्यांच्यातल्या एकाची चिलीम.

मी मूळची साताऱ्याची. गेली अकरा वर्षं आयोवा राज्यातल्या एका नदीकाठच्या गावात, लहानशा संग्रहालयात नोंदणीचं काम करते. कुठली वस्तू कधी आली, कोणी दिली, कुठल्या खणात आहे, कोणाला उसनी दिली याचा हिशेब ठेवायचा. आमच्या धंद्यात वस्तूच्या पूर्वेतिहासाला ‘प्रॉव्हनन्स’ म्हणतात. आपल्याकडच्या माणसाला समजवायचं तर वस्तूचा सातबारा: मूळ मालक कोण, फेरफार कधी झाले, कोणाच्या सहीने झाले. जमिनीच्या सातबाऱ्यात जे घोळ असतात ते सगळे इथेही असतात. फरक इतकाच, की इथे तलाठीही आम्हीच आणि कब्जेदारही आम्हीच.

कपाटं झाकायचं कारण नवे नियम. अमेरिकेत 1990 पासून एक कायदा आहे, नॅगप्रा म्हणतात त्याला. ज्या संग्रहालयांना केंद्र सरकारचा पैसा मिळतो त्यांनी आपल्याकडची आदिवासी जमातींची मानवी हाडं, दफनातल्या वस्तू, पवित्र वस्तू आणि साऱ्या समाजाच्या मालकीच्या वस्तू यांची माहिती जमातींना कळवायची आणि मागणी आली की परत करायची. सारांश याद्या 1993 पर्यंत जायच्या होत्या. आमच्या संग्रहालयाने तेव्हा पाठवलेली यादी मी फायलीत पाहिली आहे. एक पान. ‘सू वस्तू, अंदाजे चाळीस.’ (सू म्हणजे डाकोटा-लाकोटांना बाहेरच्यांनी दिलेलं नाव.) तीस वर्षं कोणी पुढे काही केलं नाही. 12 जानेवारी 2024 पासून नियम कडक झाले: अशा वस्तू प्रदर्शनात मांडायच्या असोत, कोणाला दाखवायच्या असोत की त्यांच्यावर संशोधन करायचं असो, आधी त्या जमातीची संमती हवी. न्यू यॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या मोठ्या संग्रहालयाने दोन दालनंच बंद केली, शिकागोच्या फील्ड म्युझियमने कपाटं झाकली. आम्ही त्यांच्यापुढे चिमुकले, पण कागद सगळ्यांना सारखाच.

‘चिलीम’ हा शब्द मी नाइलाजाने वापरते आहे. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “चिलमीसाठी एवढा सरकारी कायदा? गोसाव्यांची असते तसली?” तसली नाही. दोन भाग असतात. तंबाखू भरायचं दगडी डोकं, आणि ओढायची लांब लाकडी दांडी, बहुतेकदा अ‍ॅश झाडाची, आतला गाभा तापलेल्या तारेने जाळून पोकळ केलेली. लाकोटा बोलीत तिला चनूंपा म्हणतात. डाकोटा आणि लाकोटा एकाच मोठ्या समाजाच्या दोन बोली, सात अग्नींचा संघ म्हणवतात ते स्वतःला. पांढऱ्या अमेरिकी गव्याच्या (बायसनच्या) वासराच्या रूपातली एक पवित्र स्त्री ही चिलीम घेऊन आली, अशी त्यांची श्रद्धा. ती मूळ चिलीम आजही दक्षिण डाकोटातल्या ग्रीन ग्रास नावाच्या वस्तीत एका घराण्याच्या राखणीत आहे. आईला म्हटलं, मुळात ती व्यसनाची वस्तू नाही, धूर म्हणजे प्रार्थना. तंबाखूतही लाल फांद्यांच्या एका झुडपाची आतली साल मिसळतात. “मग धुपाटणं म्हण की,” आई म्हणाली. धुपाटणंही नाही, पण चिलमीपेक्षा जवळचं.

डोक्याचा दगड लाल, मऊ, नखाने जवळजवळ ओरखडा उठेल इतका. मिनेसोटाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात पाइपस्टोन नावाचं गाव आहे, तिथल्या खाणींतून तो निघतो. दगडाचा थर पातळ, आणि त्याच्यावर कातळासारखा कठीण क्वार्टझाइट काही फूट जाड. आजही तो घण, पाचर आणि हाताच्या बळावरच फोडतात, यंत्राला परवानगी नाही. 1937 पासून ती जागा राष्ट्रीय स्मारक आहे आणि दगड काढायचा हक्क फक्त मान्यताप्राप्त जमातींच्या लोकांना. जॉर्ज कॅटलिन नावाचा चित्रकार 1836 मध्ये तिथे जाऊन आला, म्हणून गोऱ्यांच्या शास्त्रात दगडाचं नाव कॅटलिनाइट. सातबाऱ्यावर नाव कसं चढतं त्याचा हा एक नमुना.

तर माझ्यावर काम आलं: या चिलमीचा इतिहास लिहून काढ, म्हणजे कोणत्या जमातीला कळवायचं ते ठरेल. मला वाटलं दोन दिवसांचं काम. पाटीवरच तर सगळं लिहिलेलं आहे.

पाटी 1962 सालची निघाली. फाशीला शंभर वर्षं झाली तेव्हा संग्रहालयाने मोठं प्रदर्शन भरवलं होतं, त्या वेळची. तिच्या आधीचं कार्ड 1951 चं, टंकलेखित: ‘सू चिलीम. 1862 च्या उठावातून.’ मँकेटोचा उल्लेख नाही, फाशीचा नाही, योद्धाही नाही. त्याच्या आधीची नोंद 1934 च्या दाखल रजिस्टरमध्ये, निळसर शाईत, तिरक्या वळणदार अक्षरात: ‘लाल दगडी चिलमीचं डोकं. दात्री बाईंच्या आजोबांनी इंडियन युद्धांतून आणलेलं.’ (इंडियन म्हणजे इथले आदिवासी.)

म्हणजे वस्तू जसजशी जुनी होत गेली तसतशी तिची माहिती नेमकी होत गेली. 1934 ला ‘युद्धं’, 1951 ला एक वर्ष, 1962 ला तारीख आणि गळफास. मधे एकही नवा कागद फायलीत आलेला नव्हता. कोणी खोटं बोललं असंही मला वाटत नाही. कार्ड लिहिणाऱ्याला ‘इंडियन युद्धं’ म्हटल्यावर 1862 आठवलं असणार, पाटी लिहिणाऱ्याला 1862 म्हटल्यावर मँकेटो. आणि मग अकरा वर्षं मी बोट दाखवून पोरांना सांगत होते.

आजोबांचं नाव रजिस्टरमध्ये होतं, त्यामुळे पुढचा माग सोपा होता. निवृत्तिवेतनाचे कागद वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून मागवता येतात. सहा आठवड्यांनी आले. गडी आयोवाच्या सहाव्या घोडदळात शिपाई. ही पलटण डॅव्हनपोर्टला उभी राहिली 1863 च्या जानेवारी ते मार्चमध्ये, आणि हा भरती झाला फेब्रुवारीत. मँकेटोची फाशी डिसेंबर 1862 ची. तेव्हा हा आयोवात मका सोलत असणार.

मला त्या दिवशी फार आनंद झाला हे कबूल करते. कोडं सुटल्यासारखं वाटलं. संचालक बाईंकडे धावतच गेले. त्यांनी चष्मा काढून विचारलं, “मग ही पलटण होती कुठे?”

हे मी बघितलंच नव्हतं. बघितलं तेव्हा आनंद ओसरला. 3 सप्टेंबर 1863, व्हाइटस्टोन हिल, आजच्या उत्तर डाकोटात. जनरल सलीच्या हाताखाली आयोवाचं सहावं आणि नेब्रास्काचं दुसरं घोडदळ. समोर शिकारीच्या हंगामातली छावणी, मुख्यतः यांकटोनाई लोकांची, म्हणजे त्याच सात अग्नींच्या संघातल्या एका शाखेची. त्यांतल्या बहुतेकांचा 1862 च्या मिनेसोटातल्या लढाईशी काही संबंध नव्हता. किती मेले याचे आकडे शंभरापासून तीनशेपर्यंत जातात, त्यांत बायका आणि मुलंही. दीडशेहून जास्त कैद. आणि मग सैनिकांनी तीनेकशे टिपी तंबू आणि थंडीसाठी सुकवून ठेवलेलं गव्याचं मांस, जवळपास चार लाख पौंड, जाळलं. सगळं जाळायला दोन दिवस लागले. अशा दोन दिवसांत शिपायाच्या खोगिराच्या पिशवीत काय काय जाऊ शकतं याचा विचार मी बराच वेळ करत बसले.

जाऊ शकतं. गेलं असं नव्हे. हे लिहून ठेवायला हवं, कारण याच ठिकाणी 1951 च्या कार्डवाल्याचं जे झालं तेच माझं होऊ घातलं होतं. माझ्या टिपणात मी ‘व्हाइटस्टोन हिल येथून’ असं लिहूनही टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी खोडलं. शिपायाने ती चिलीम पुढे एखाद्या किल्ल्यावर व्यापाऱ्याकडून विकत घेतली असेल. लाल दगडाच्या चिलमी व्यापारी लेथवर कातून विकायचे, 1860 च्या दशकातच तो धंदा जोरात होता. कोणी त्याला भेट दिली असेल. नात म्हणते म्हणून आजोबांची, तीही कदाचित दुसऱ्याच कोणाची असेल.

विश्वस्तांच्या बैठकीत या ‘कदाचित’चं काय होतं ते बघण्यासारखं असतं. एक विश्वस्त म्हणाले, मँकेटो नाही असं सिद्ध झालं का? कारण 2018 मध्ये बॉस्टनच्या लिलावात एक चिलीम, मँकेटोला फाशी गेलेल्या व्हाइट डॉगची म्हणून, चाळीस हजार डॉलरच्या घरात गेली. (गेली, आणि नाव गुप्त ठेवणाऱ्या घेणाऱ्याने ती प्रेअरी आयलंड या डाकोटा समाजाला देऊन टाकली, हे त्यांनी सांगितलं नाही. मी सांगितलं.) दुसऱ्या बाई म्हणाल्या, बाजारातून घेतलेली असेल तर ती पवित्र वस्तू कशी, मग परत कशाला? तिसरे म्हणाले, आधी पक्कं कळू दे, मग देऊ. हे तिसरं वाक्य सगळ्यांत शहाणं वाटतं. ते तीस वर्षं वाटत आलं आहे, म्हणूनच यादी एका पानावर थांबली.

नवे नियम या बाबतीत बरे आहेत. ते म्हणतात, हातात आहे त्या माहितीवर ठरवा, नवं संशोधन करायचं म्हणून लांबणीवर टाकू नका, आणि जमातीचं पारंपरिक ज्ञान पुरावा म्हणून माना. मी पत्रं लिहिली. डाकोटा म्हणजे एक पत्ता नव्हे. 1862 नंतर लोक मिनेसोटातून हाकलले गेले, क्रो क्रीक, सँटी, स्पिरिट लेक, सिसेटन, काही सीमा ओलांडून कॅनडात. मी यांकटोनाईंचा विचार करून स्टँडिंग रॉक आणि फोर्ट पेकलाही लिहिलं. पत्रात तीन ओळींत लिहिलं, की आमची पाटी चूक होती आणि बरोबर काय ते आम्हाला माहीत नाही. संचालक बाईंनी ‘चूक’च्या जागी ‘असमर्थनीय’ घालायला सांगितलं. मी ‘चूक’ ठेवलं.

पहिली व्हिडिओ भेट एप्रिलमध्ये झाली. एका डाकोटा जमातीचे वारसा अधिकारी आणि त्यांच्याबरोबर सत्तरीपुढचे एक आजोबा. जमात कोणती ते लिहू नका असं त्यांनी सांगितलंय, म्हणून लिहीत नाही. मी कागदपत्रांचं सादरीकरण तयार ठेवलं होतं, चौदा पानं. दुसऱ्या पानावर असताना आजोबांनी हात वर केला.

“ती जोडलेली आहे का?”

मला कळलं नाही.

“डोकं आणि दांडी. एकमेकांत बसवलेली आहेत का आत्ता?”

होती. पाळण्यासारख्या पितळी आकड्यांवर, जोडलेली, 1962 पासून तरी. आजोबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग अधिकाऱ्याने समजावलं: प्रार्थना असेल तेव्हाच जोडायची. एरवी दोन्ही भाग वेगळे, वेगळे गुंडाळून. जोडली की ती चालू असते. “साठ वर्षं तुम्ही ती चालू ठेवलीत,” असं आजोबा म्हणाले, आणि हसले, पण हसू तसलं नव्हतं.

माझी चौदा पानं तिथेच राहिली.

वेगळी करायला ते स्वतः येणार होते, तोपर्यंत आम्ही हात लावायचा नाही. मी विचारलं, दगडाची अवरक्त किरणांनी तपासणी करू का? वस्तूला इजा होत नाही. पाइपस्टोनच्या दगडात क्वार्टझ नसतं, विस्कॉन्सिनकडच्या लाल दगडात असतं, त्यावरून खाण कळते. विद्यापीठातल्या मित्राने यंत्रही देऊ केलं होतं. अधिकारी म्हणाले, कशासाठी? मी म्हटलं, म्हणजे कळेल. ते म्हणाले, तुम्हाला. मी यंत्र मागवलं नाही. आत कुठेतरी ते अजून खुपतं, खोटं का बोला.

विषाची तपासणी मात्र त्यांनीच मागितली. जुन्या संग्रहालयांत पिसं, केस, कातडं यांना कीड लागू नये म्हणून आर्सेनिक आणि पाऱ्याची पूड मारायचे. घरी परत गेलेली चिलीम कोणी ओठाला लावली तर काय, हा साधा प्रश्न. क्ष-किरणांचं हातात धरायचं यंत्र आणलं, बंदुकीसारखं दिसतं. दगडावर जवळजवळ काही नाही. दांडीवर, साळिंदराच्या रंगवलेल्या काट्यांच्या विणकामात, आर्सेनिक भरपूर. देवाच्या वस्तूचं रक्षण करता करता आम्ही ती विषारी करून ठेवली होती.

त्यांच्या सूचनांत एक ओळ अशीही होती, की पाळी चालू असलेल्या बाईने तिला हात लावू नये, त्या खोलीतही शक्यतो जाऊ नये. संचालक बाईंनी ती ओळ वाचून माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं मी भडकेन. साताऱ्याच्या आमच्या वाड्यात मी चार दिवस कोपऱ्यातल्या सतरंजीवर काढलेली पोर. आजीने पाण्याचा तांब्या वरून सोडायचा, मी ओंजळ धरायची. त्याच्याशी भांडूनच मी घर सोडलं असं म्हटलं तरी चालेल. अधिकाऱ्याबरोबर एक बाई असायच्या, त्यांना मी हे सरळ सांगितलं. त्या म्हणाल्या, आमच्यात ते विटाळ म्हणून नसतं, त्या दिवसांत बाईची शक्ती इतकी असते की चिलमीच्या शक्तीला छेद देते. मला हे स्पष्टीकरण पटलं का? अर्धं. आजीही तिच्या परीने काहीतरी मोठंच सांगायची. पण वस्तू आजीची नव्हती आणि माझीही नव्हती. ते पाच दिवस मी ती ठेवलेल्या खोलीची किल्ली सहकाऱ्याकडे दिली. भेटीची तारीख ठरवताना कॅलेंडर बघावं लागलं, ते मात्र आजीकडून शिकलेलंच उपयोगी पडलं.

जुलैत आईचा व्हिडिओ कॉल आला. साताऱ्याच्या संग्रहालयात लंडनहून वाघनखं आली होती, व्हिक्टोरिया अँड अल्बर्टने तीन वर्षांसाठी उसनी दिलेली. आई रांगेत दीड तास उभी राहून बघून आली होती आणि डोळे भरून सांगत होती. मी, नोंदणीचं काम करणारी, डोक्यात लगेच दुसरंच. त्या वाघनखांच्या पेटीवरचा मजकूर मला पाठ आहे: शिवाजीने ज्याने मोगल सेनापतीला मारलं ते हे, साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याला पेशव्यांच्या प्रधानाने दिलं. अफझलखान विजापूरचा, मोगलांचा नव्हे. आणि डफ साताऱ्याला रेसिडेंट झाला तेव्हा पेशवाई बुडाली होती. ती महाराजांचीच का, याची खात्री देता येत नाही असं लंडनचं संग्रहालय स्वतःच म्हणतं. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं.

“तुला काय वाटलं बघून?” एवढंच विचारलं.

“हात जोडले,” आई म्हणाली. “तुझ्या त्या धुपाटण्याचं काय झालं?”

ऑगस्टमध्ये ते आले. आठ तास गाडी चालवत. आधी धूप करायचा होता, सेज नावाच्या वनस्पतीचा, आणि आमच्या इमारतीत धुराचे सेन्सर. अग्निशमन दलाला दोन दिवस आधी कळवून तळमजल्याचे सेन्सर एका तासासाठी बंद ठेवायची परवानगी घेतली होती. तरी पहिल्या मजल्यावरचा एक वाजलाच. आजोबा शांतपणे बसून राहिले आणि बंब आला तेव्हा फायरमनलाही त्यांनी धुरात हात फिरवायला बोलावलं. त्याने फिरवला.

मग हातमोजे घालून आजोबांनी चिलीम उचलली. डावा हात डोक्याखाली, उजवा दांडीवर. हलक्या हाताने पिळली. सुटेना. थोडं थुंकी लावल्यासारखं तोंड केलं, मग लक्षात आलं असावं, आर्सेनिक. पुन्हा पिळली. कोरडा, चिरका आवाज आला, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा, आणि दोन्ही भाग वेगळे झाले. त्यांच्यामधून काहीतरी खाली पडलं.

वर्तमानपत्राची पट्टी. बोटभर रुंद, पिवळी, गोंदाने ताठ झालेली. दांडीचं टोक डोक्याच्या भोकात ढिलं बसत होतं म्हणून कोणीतरी ती गुंडाळून घट्ट केली होती. आजोबांनी ती चिमटीत धरून माझ्यापुढे केली. “हे आमचं नाही,” म्हणाले.

ती मात्र माझी, म्हणजे ती मी वाचू शकत होते. एका बाजूला मक्याच्या भावाचे तुटके आकडे. दुसऱ्या बाजूला रेडिओच्या बॅटरीची जाहिरात. 1863 च्या शिपायाने किंवा मँकेटोच्या योद्ध्याने रेडिओची बॅटरी घेतलेली नसणार. आणि दांडीच्या त्याच टोकावर, इतकी वर्षं दगडाच्या आत लपलेला, लाल शाईतला बारीक आकडा होता. 27.112.

डोक्यावरचा आकडा 34.8.

1934 च्या रजिस्टरमध्ये काय लिहिलंय ते मी फेब्रुवारीतच वाचलं होतं की: ‘लाल दगडी चिलमीचं डोकं.’ डोकं. दांडीचा शब्दही नाही. मी ते वाचलं आणि मनात अख्खी चिलीम बघितली, कारण कपाटात अख्खी होती. 27.112 शोधायला पाच मिनिटं लागली. 1927, गावातल्या एका डॉक्टरांच्या पश्चात आलेला संग्रह, वस्तू एकशे बारावी: ‘रंगीत काट्यांची काठी, इंडियन.’ त्याच पानाच्या डोक्यावर शेरा, की यांतल्या बऱ्याच वस्तू डॉक्टरांनी 1898 च्या ओमाहा शहरातल्या प्रदर्शनात घेतल्या. त्या प्रदर्शनात ‘इंडियन काँग्रेस’ म्हणून तिसाहून जास्त जमातींची पाचशेच्या आसपास माणसं आणून वस्तीला ठेवली होती, लोकांनी तिकीट काढून बघायला. त्यांतल्या कोणाकडूनही ती दांडी घेतलेली असू शकते. काट्यांतला भडक जांभळा रंग मला आधीपासून जरा खटकायचा, तो कारखान्यातल्या रंगासारखा आहे.

म्हणजे आमची डाकोटा चिलीम आमच्याच तळघरात, 1934 नंतर कधीतरी, दोन वेगळ्या माणसांच्या दोन वस्तू जोडून तयार झाली होती. कोणाला तरी रिकामं डोकं आणि रिकामी दांडी बघवली नसणार. माझ्यासारख्याच कोणाला तरी.

मी हे आजोबांना सांगितलं तेव्हा मला वाटत होतं, आता ते म्हणतील, मग आमचा काही संबंध नाही. त्यांनी डोकं ओंजळीत धरलं होतं. आतल्या काजळीवर बोट फिरवून ते म्हणाले, “यात कोणीतरी प्रार्थना केलेली आहे. कोणी, ते मला माहीत असायची गरज नाही.” दांडीकडे बघून म्हणाले, “हिचं मला सांगता येत नाही. हिला विचारा.” म्हणजे हिच्या लोकांना विचारा.

पुढचं सगळं कागदी होतं आणि कंटाळवाणं होतं, म्हणून थोडक्यात. डाकोटा जमातींनी आपसात बोलून ठरवलं, त्यांतल्या एका जमातीने मागणी केली, बाकीच्यांनी संमतीची पत्रं दिली. आम्ही डोक्यापुरता निर्णय घेतला. बैठकीत मी बॅरी गावाचं उदाहरण वाचून दाखवलं: मॅसॅच्युसेट्सच्या त्या छोट्या संग्रहालयाला केंद्राचा पैसा नसल्याने कायदा लागूही नव्हता, तरी 2022 मध्ये त्यांनी वुंडेड नीच्या 1890 मधल्या लाकोटांच्या हत्याकांडाशी जोडलेल्या दीडशेच्या आसपास वस्तू लाकोटांना दिल्या. ‘आधी पक्कं कळू दे’ म्हणणाऱ्या विश्वस्तांनी विरोधात मत दिलं. केंद्राच्या राजपत्रात सूचना छापून आली, तीस दिवस थांबलो, दुसरी मागणी आली नाही. 2025 च्या एप्रिलमध्ये ते पुन्हा आले. या वेळी पहिल्या मजल्यावरचा सेन्सरही बंद केला होता.

डोकं त्यांनी लाल कापडात बांधून नेलं. पोचपावतीवर सही करताना आजोबांनी विचारलं, पाटीचं काय केलंत? फायलीत ठेवली आहे म्हटलं, फेकता येत नाही. “नका फेकू,” म्हणाले. वर्तमानपत्राची पट्टीही तिच्याशेजारी पारदर्शक पाकिटात आहे. तिला मी नवा नंबर दिला.

दांडी खण क्रमांक एकोणीसमध्ये, एकटी, सुती कापडात. मी ओमाहा, पोंका, विनेबेगो आणि आणखी काही जमातींना पत्रं लिहिली आहेत. एका ठिकाणाहून उत्तर आलं, आमचं विणकाम असं नसतं. एका ठिकाणाहून आलं, वडीलधाऱ्यांना दाखवतो, वेळ लागेल. विषाचा इशारा खणावर चिकटवला आहे, हाताळणीच्या सूचना अजून कोणाच्याच नाहीत, म्हणून सध्या डाकोटांच्याच पाळते.

संगणकातली तिची नोंद मात्र पुरी होत नाही. ‘जमात’ या रकान्यात यादीतलं एक नाव निवडावंच लागतं, रिकामा ठेवला तर नोंद जतन होत नाही. ‘डाकोटा’ पहिल्या दहात आहे, एक टिचकी मारली की झालं. दर सोमवारी सकाळी पडद्यावर लाल अक्षरांत येतं: 27.112, नोंद अपूर्ण. मी ते बंद करते आणि पुढच्या कामाला लागते.